जुन्या युद्धपुस्तकांची चित्रजॅकेटे : एका प्रतीचे जॅकेट दुसरीवर चढवावे का?

वानवडीकर

दोन्ही महायुद्धांवरील जुनी इंग्रजी पुस्तके मी बऱ्याच वर्षांपासून जमवत आलो आहे, पण सरसकट नाही. ज्यांचे मूळ चित्रजॅकेट, म्हणजे पुठ्ठ्यावर घातलेले सुटे कागदी सचित्र वेष्टन, शाबूत आहे, किंवा निदान चित्र ओळखू येईल इतके उरले आहे, तेवढीच पुस्तके मी घरी आणतो. मजकूर उत्तम पण जॅकेट नाही, असे पुस्तक वाचनालयातून आणून वाचावे आणि परत करावे, असा माझा नेम आहे. हा छंद काहींना वरवरचा वाटेल, म्हणून आधी त्यामागचे कारण सांगतो आणि मग प्रश्नाकडे येतो.

लेखकाने युद्धाबद्दल जे लिहिले ते पुढच्या आवृत्त्यांतही बहुधा तसेच राहते. पण दुकानाच्या काचेआड उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला ते युद्ध कसे दिसावे, याचा प्रकाशकाने केलेला हिशेब फक्त जॅकेटवर असतो आणि तो दहा-पंधरा वर्षांत पार बदलतो. 1929 साली रेमार्कच्या जर्मन कादंबरीचे ‘ऑल क्वायट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ हे इंग्रजी भाषांतर, हेमिंग्वेची ‘अ फेअरवेल टू आर्म्स’ आणि रॉबर्ट ग्रेव्हजचे ‘गुडबाय टू ऑल दॅट’ ही तिन्ही पुस्तके बाहेर पडली. ग्रेव्हजच्या पुस्तकाचे जॅकेट लेन लाय या न्यूझीलंडच्या कलावंताने केले, तर हेमिंग्वेच्या पुस्तकासाठी क्लिओनिके दमियानाकिस यांनी ग्रीक धाटणीचे अर्धनग्न स्त्री-पुरुष काढले. हेमिंग्वेला ते चित्र मुळीच आवडले नव्हते. पुढे 1950 नंतर ब्रिटिश प्रकाशकांनी पाणबुड्या, स्पिटफायर विमाने आणि ब्रह्मदेशचे जंगल रंगवून घेतले. ही चित्रे पुढच्या बाजूवरून कण्यावर आणि कधी कण्यावरून थेट मागे जातात. त्यांतले युद्ध धाडसाचे आहे, चिखलाचे नाही. याच चित्रांनी मला शाळकरी वयात ओढले आणि अजूनही माझ्या कपाटात त्यांचीच संख्या जास्त आहे.

पुण्यात ही पुस्तके मिळतात यात नवल नाही. दक्षिण कमांडचे मुख्यालय, खडकवासल्याची प्रबोधिनी, दापोडीचे लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय आणि निवृत्तीनंतर इथेच स्थायिक झालेली अधिकाऱ्यांची कुटुंबे, यांच्यामुळे कॅम्प, वानवडी, घोरपडी भागांतील घरांत दोन-तीन पिढ्यांची लष्करी पुस्तके साठलेली असतात. बंगला पुनर्विकासाला गेला की ती रद्दीत येतात आणि तिथून बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात पोहोचतात.

आता प्रश्न. एका नौदल आठवणींच्या पुस्तकाची पहिली छपाई माझ्याकडे आहे. तिच्या जॅकेटच्या कण्याचा वरचा दीड इंच उडालेला आहे आणि पुढच्या घडीवर कोणीतरी चिकटपट्टी लावली होती, ती आता गुळाच्या रंगाची झाली आहे. अलीकडेच त्याच पुस्तकाची, त्याच वर्षाची पण नंतरची छपाई मिळाली. तिचे पुस्तक आतून भिजलेले आहे, पण जॅकेट सुरेख आहे. हे चांगले जॅकेट पहिल्या प्रतीवर चढवावे का?

शनिवारातला

आपला लेख आवडला, पण प्रश्न पडला तो असा : पुस्तक वाचण्यासाठी असते आणि जॅकेट त्याला धूळ लागू नये म्हणून असते. धूळ अडवणाऱ्या कागदासाठी पुस्तकापेक्षा जास्त पैसे मोजणे म्हणजे मोत्यांपेक्षा डबीला किंमत देणे झाले. तरीही चढवायचेच असेल तर खुशाल चढवा. प्रकाशक एक, चित्र एक, पुस्तक एक. कोणाचे काय बिघडले?

कागदकिडा

शनिवारातला यांचे म्हणणे एकोणिसाव्या शतकापुरते बरोबर आहे. त्या काळात जॅकेट हा खरोखरच वेष्टनाचा कागद होता आणि गिऱ्हाईक तो घरी जाऊन फेकून देत असे. आज सापडणारी सर्वांत जुनी प्रकाशकीय वेष्टने साधारण 1830 च्या आसपासची आहेत आणि ती अपवादानेच टिकली आहेत. कापडी बांधणीवरची सोनेरी नक्षी महाग पडू लागली आणि 1920 च्या दशकात सजावट कापडावरून कागदावर आली, तेव्हापासून जॅकेट हे पुस्तकाच्या दर्शनी अंगाचे मुख्य काम झाले. मात्र फेकण्याची सवय लगेच गेली नाही, म्हणूनच त्या दशकातले पुस्तक जॅकेटसह मिळाले तर त्याची किंमत जॅकेटविना प्रतीच्या अनेक पटींनी असते.

पुणेकराला याचा चटका कसा बसतो ते सांगतो. पहिल्या महायुद्धात आजच्या इराकमधील कुत-अल-अमारा येथे 29 एप्रिल 1916 रोजी शरण आलेली फौज ही सहावी (पूना) डिव्हिजन होती आणि वेढ्यात अडकलेल्यांत मराठा पलटणीही होत्या. त्या वेढ्यातून कैदेत गेलेल्या अधिकाऱ्यांनी लिहिलेली पुस्तके 1920 च्या दशकाच्या आरंभी लंडनमध्ये निघाली, ई. ओ. माउस्ली यांचे पुस्तक 1921 चे आहे. ही पुस्तके इथे अधूनमधून दिसतात, पण उघड्या कापडी पुठ्ठ्यात. त्यांच्यावर काय चित्र होते हे पाहण्याचा योग मला अजून आलेला नाही.

वानवडीकरांनी 1950 च्या दशकावर गाडी थांबवली, ती मी थोडी पुढे नेतो. नॉर्मन मेलरच्या 1948 च्या ‘द नेकेड अँड द डेड’चे जॅकेट जो कॅरॉफ यांचे आहे, याच माणसाने पुढे जेम्स बाँडच्या 007 आकड्याला पिस्तूल जोडणारे चिन्ह केले. 1961 च्या ‘कॅच-22’वर पॉल बेकन यांनी निळ्या पार्श्वभूमीवर कागद फाडून केल्यासारखी एक लाल मानवाकृती नाचवली आहे. ना विमान, ना सैनिक. त्याच सुमाराच्या ब्रिटिश जॅकेटांवर बाँबफेकी विमाने अजून ढगांतून उतरत होती. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली म्हणजे एकाच युद्धाची दोन देशांनी काढलेली दोन रूपे समोर येतात. माझ्या मते ब्रिटिश रंगकाम हाताला सरस आहे आणि अमेरिकन कल्पना डोक्याला.

बांधणीशाळा

मी पुस्तकांची बांधणी आणि डागडुजी करतो, त्यामुळे मूळ प्रश्नाचे उत्तर त्या बाजूने देतो. ‘कोणाचे काय बिघडले’ याचे उत्तर असे की, पुस्तक आणि जॅकेट अनेक वर्षे एकत्र राहिली म्हणजे त्यांच्या खुणा एकमेकांवर उमटतात. जॅकेट बदलले की त्या खुणा जुळेनाशा होतात आणि जाणकार माणसाला ते लगेच कळते.

वानवडीकर, आपली पहिली प्रत उघडा आणि पुठ्ठ्याच्या आतल्या कोऱ्या पानाकडे पाहा. जिथे जॅकेटचा आत दुमडलेला भाग, म्हणजे फ्लॅप, येत होता तेवढी उभी पट्टी एका छटेची आणि उरलेला कागद दुसऱ्या छटेचा दिसेल. त्या पट्टीची कड आणि फ्लॅपची कड तंतोतंत जुळली पाहिजे. मग जॅकेट काढून कण्याचे कापड पाहा. वरचा दीड इंच कागद फार पूर्वी उडाला असेल, तर नेमके तेवढेच कापड उन्हाने विटलेले असेल आणि त्या विटण्याची खालची रेघ फाटलेल्या कागदासारखीच वेडीवाकडी असेल. त्यावर चांगले, अखंड जॅकेट चढवले की खाली विटलेले कापड आणि वर न विटलेला कागद अशी विसंगती उभी राहते. बाहेरच्या देशांतले विक्रेते अशा प्रतीला सरळ ‘मॅरिड’, म्हणजे दोन प्रतींची जोडी लावलेली, म्हणतात आणि तशी नोंद न करता विकणे ही लबाडी मानली जाते.

दुसरी गोष्ट छपाईची. चित्र एक असले तरी जॅकेट एक नसते. नंतरच्या छपाईत फ्लॅपवर छपाईचा क्रमांक येतो, वृत्तपत्रांतील स्तुतीची वाक्ये येतात आणि मागच्या बाजूच्या जाहिरातीत पुढे निघालेल्या पुस्तकांची नावे दिसतात. हेमिंग्वेच्या 1940 च्या ‘फॉर हूम द बेल टोल्स’चे उदाहरण प्रसिद्धच आहे. अगदी पहिल्या जॅकेटच्या मागे लेखकाच्या छायाचित्राखाली छायाचित्रकाराचे नाव छापलेले नाही, नंतरच्या जॅकेटवर ते आहे. एका ओळीवरून संग्राहक प्रत ओळखतात, आणि आपण तर अख्खा कागद बदलणार आहात.

तिसरे, हल्ली जुन्या जॅकेटांच्या हुबेहूब प्रती छापून मिळतात. भिंगाखाली पाहिल्यास जुन्या छपाईतले ठिपके ओळीने आणि सपाट रंग भरीव दिसतात. घरगुती छपाईयंत्रावरच्या प्रतीत रंगांचा विखुरलेला बारीक शिडकावा दिसतो. नोटा तपासण्याचा जांभळा दिवा कोणत्याही किरकोळ दुकानात मिळतो, तो अंधारात कागदावर धरा. कागदाला शुभ्र करणारी चमकद्रव्ये साधारणपणे 1950 नंतर सर्रास वापरात आली, त्यामुळे 1930 चे म्हणून दाखवलेले जॅकेट निळसर लखलखले तर ते जुने नाही, एवढे नक्की.

लाल रंगाबद्दल एक सूचना. त्या काळातल्या शाईत लाल आणि पिवळा लवकर उडतो, निळा आणि काळा तग धरतो. त्यामुळे कण्यावरचे लाल शीर्षक पुसट गुलाबी झाले आहे पण पुढच्या बाजूचा लाल ताजा आहे, ही जॅकेट खरे असल्याची चांगली खूण समजावी. सगळीकडे सारखा ताजा लाल दिसला तर दोनदा पाहावे.

घोरपडी लाइन्स

बांधणीशाळा यांनी कागदाच्या खुणा सांगितल्या, मी माणसांच्या खुणांबद्दल लिहिते, कारण माझ्या दृष्टीने त्यांचे महत्त्व जास्त आहे. माझे वडील सैन्यात होते आणि आमच्या घरातली बरीच पुस्तके बदल्यांबरोबर देशभर फिरली. त्यांच्या जॅकेटांवर मेसच्या वाचनालयाचे शिक्के आहेत, पुस्तकविक्रेत्यांची टपाल तिकिटापेक्षाही लहान लेबले आहेत आणि फ्लॅपच्या कोपऱ्यात छापील शिलिंगांच्या शेजारी रबरी शिक्क्याने उमटवलेली रुपयांतली किंमत आहे. लंडनमधल्या संग्राहकाच्या लेखी हा सगळा डाग आहे. आपल्या लेखी तो या प्रतीचा प्रवास आहे आणि तो वाचता येतो.

रुपयांची किंमतच घ्या. 1927 पासून रुपया म्हणजे 1 शिलिंग 6 पेन्स हा दर होता आणि जून 1966 मधील अवमूल्यनापर्यंत तो तसाच राहिला. (12 पेन्सांचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड.) 12 शिलिंग 6 पेन्सांचे पुस्तक त्या हिशेबाने 8 रुपये 5 आणे 4 पै होते, आणि विक्रेता त्यावर थोडेफार चढवून शिक्का मारत असे. शिक्क्यात आणे असतील तर प्रत बहुधा एप्रिल 1957 पूर्वी विक्रीला आली, कारण तेव्हापासून नवे पैसे सुरू झाले. 1966 नंतर पौंड 13 रुपये 33 पैशांवरून 21 रुपयांवर गेला, म्हणून त्यानंतरचा शिक्का छापील किमतीच्या मानाने एकदम जड वाटतो. एका कोपऱ्यातल्या शिक्क्यावरून पुस्तक साधारण कोणत्या काळात भारतात विकले गेले, याचा अंदाज बांधता येतो. भेट देताना किंमत दिसू नये म्हणून हा कोपरा कात्रीने कापण्याची पद्धत होती. तिच्यामुळे किती माहिती गेली याची गणती नाही.

म्हणून वानवडीकर यांना माझे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. आपल्या फाटक्या जॅकेटवर कोणते शिक्के आहेत, ते आपण लिहिलेले नाही. ते आधी पाहावेत.

शनिवारातला

घोरपडी लाइन्स यांचा प्रतिसाद वाचून माझे अर्धे मत बदलले. उरलेले अर्धे असे की, ही सगळी माहिती एका फोटोत मावते. फोटो काढा, वहीत नोंद करा आणि मग हवे ते जॅकेट चढवा.

घोरपडी लाइन्स

फोटोत शिक्का दिसेल, पण तो कोणत्या पुस्तकावर होता हे वही सांगेल आणि वही पुस्तकाबरोबर राहीलच असे नाही. आपल्यानंतर घरातले लोक वही वेगळ्या पोत्यात घालतात, हे जुन्या बाजारात फिरणाऱ्या कोणालाही सांगायला नको.

दलालांचा चाहता

थोडे मराठीकडे वळतो, विषय सोडून नव्हे. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी आपल्या मुखपृष्ठांची एक पिढीच घडवली. दोघांचाही भर ऐतिहासिक, सामाजिक आणि रहस्यकथांवर होता, त्यामुळे आधुनिक युद्धाचे म्हणावे असे चित्र मराठीत त्या मानाने कमी आले. घोडा, भाला आणि भगवा आमच्या चित्रकारांच्या हातात होता. रणगाडा तितका नव्हता. वि. ग. कानिटकर, वि. स. वाळिंबे, दि. वि. गोखले यांनी महायुद्धांवर भरपूर लिहिले आणि ते घरोघरी वाचले गेले, पण त्यांच्या जुन्या आवृत्त्या मूळ मुखपृष्ठासह शोधायला निघालात तर इंग्रजी पुस्तकांपेक्षा जास्त वणवण होते.

याचे कारण आपली वाचनालये. भाड्याने पुस्तके देणाऱ्या वाचनालयात पुस्तक आले की पहिल्याच दिवशी त्याची जाड पुठ्ठ्याची बांधणी होई. वेष्टन काढून टाकत, किंवा त्याची पुढची बाजू कापून नव्या पुठ्ठ्यावर खळीने डकवत. अशा डकवलेल्या चित्रांमुळे पुढची बाजू वाचली, कणा आणि फ्लॅप गेले. वाचनालये बंद होताना निघालेल्या गठ्ठ्यांतून मी अशी पुस्तके घेतो. संग्राहक नाक मुरडतात, पण चित्र पाहायला तेवढेच उरले असेल तर नाक मुरडून कोणाला परवडणार?

नवा भिडू

मी महाविद्यालयात शिकतो आणि मला हा संग्रह सुरू करायचा आहे. पहिल्या छपाईचे भाव पाहून छाती दडपते. सुरुवात कशी करावी?

वानवडीकर

बुक क्लबच्या आवृत्त्यांपासून करा. ओडहॅम्स प्रेसच्या कंपॅनियन बुक क्लबने 1950 च्या दशकात त्या वेळची गाजलेली युद्धपुस्तके सभासदांसाठी स्वस्तात पुन्हा छापली. जॅकेटे रंगीत, पुस्तके आटोपशीर, आणि ‘पहिली आवृत्ती नाही’ म्हणून विक्रेते त्यांना खालच्या फळीवर टाकतात. चित्रासाठी जमवणाऱ्याला यासारखी दुसरी सोय नाही. बिगल्सच्या वैमानिक-कथांवरची लेस्ली स्टेड यांची चित्रेही इथे बऱ्यापैकी मिळतात.

एक गोष्ट मात्र मुद्दाम जमवा, ती म्हणजे प्रत्यक्ष युद्धकाळात छापलेली पुस्तके. ब्रिटनमध्ये 1940 पासून कागदावर नियंत्रण होते आणि 1942 मध्ये प्रकाशकांनी काटकसरीच्या छपाईचा करार केला. पुस्तकावर बसलेल्या सिंहाचे छोटे चिन्ह दिसले की ती प्रत त्या करारानुसार छापलेली आहे असे समजावे. कागद पातळ, समास अरुंद, अक्षर बारीक. जॅकेटवर दोन रंगांत सगळे भागवलेले असते आणि क्वचित उलट बाजूला भलत्याच पुस्तकाचे न वापरलेले जॅकेट किंवा नकाशा छापलेला सापडतो. त्यात 29 डिसेंबर 1940 च्या रात्री लंडनच्या पॅटर्नॉस्टर रो भागावर बाँब पडले आणि प्रकाशकांची गोदामे जळाली. सुमारे 50 लाख पुस्तके त्या एका हल्ल्यात गेली असे सांगतात. अशा काळातले पिवळट, दुरंगी, चुरगळलेले जॅकेट मला 1955 च्या चकचकीत समुद्रापेक्षा बोलके वाटते, जरी कपाटात ते दिसायला गरीबच असते.

कागदकिडा

नवा भिडू, भारतीय बाजूही विसरू नका. भारतीय तुकड्यांच्या आफ्रिका आणि इटलीतील मोहिमांवर ‘द टायगर स्ट्राइक्स’, ‘द टायगर किल्स’ आणि ‘द टायगर ट्रायम्फ्स’ अशी तीन सरकारी पुस्तके 1942 ते 1946 दरम्यान निघाली. इटलीतील मोहिमेत यशवंत घाडगे आणि नामदेव जाधव या मराठा पलटणींतल्या दोघा जवानांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, त्यामुळे तिसरे पुस्तक आपल्या घरी असायलाच हवे. पुढच्या काळातले ब्रिगेडियर जे. पी. दळवी यांचे 1962 च्या युद्धावरचे ‘हिमालयन ब्लंडर’ हे पुस्तक 1969 साली मुंबईच्या थॅकर कंपनीने काढले. त्याची जॅकेटसह पहिली छपाई मिळाली तर भाव करत बसू नका.

बांधणीशाळा

जतनाबद्दल थोडक्यात लिहितो, कारण पावसाळा तोंडावर आहे. पुण्यात मे महिन्याच्या दुपारी हवा कोरडी ठणठणीत असते आणि जुलैत आर्द्रता 80 टक्क्यांच्या पुढे जाते. या चढउतारात जॅकेटचा कागद आकसतो, फुगतो आणि घडीवर तुटतो. भिंतीला टेकून कपाट ठेवू नये, पुस्तके ठासून भरू नयेत. कसर खळीवर आणि चकचकीत कागदावर तुटून पडते, म्हणून दर महिन्याला पुस्तके हलवावीत. पोथ्यांच्या बासनात वेखंड ठेवण्याची जुनी पद्धत चांगली आहे, पण त्याची पुरचुंडी कपाटाच्या कोपऱ्यात असावी, पानांत नव्हे.

वरून घालायचे आवरण पॉलिस्टर फिल्मचे हवे. अप्पा बळवंत चौकात वह्यांना घालायचे जे मऊ प्लॅस्टिक मिळते, त्याला वास येत असेल तर ते जॅकेटजवळ आणू नका. वर्षा-दोन वर्षांत ते चित्राला चिकटते आणि काढताना शाई घेऊन निघते. फिल्म जॅकेटच्या मागे वळवून घडी घालावी, चिकटवू नये. लॅमिनेशनचा विचारही करू नये. फाटलेल्या जागी आतल्या बाजूने जपानी टिश्यू (पातळ पण चिवट कागद) गव्हाच्या सत्त्वाच्या पातळ खळीने लावावा. तो पुढे कधीही ओलावा देऊन सोडवता येतो. चिकटपट्टीला ते शक्य नाही.

वानवडीकर

घोरपडी लाइन्स यांच्या सांगण्यावरून जॅकेट पुन्हा नीट पाहिले. फ्लॅपच्या कोपऱ्यात 9 रुपये 6 आण्यांचा शिक्का आहे आणि आतल्या बाजूला, चिकटपट्टीखाली अर्धवट झाकलेला, एका मेसच्या वाचनालयाचा गोल शिक्का आहे. पलटणीचे नाव वाचता येत नाही, साल वाचता येते : 1955. जॅकेट बदलणार नाही. भिजलेली प्रत तिच्या सुरेख जॅकेटसह शेजारीच राहील; चित्र पाहायचे असेल तेव्हा ती काढेन.

शनिवारातला

म्हणजे एका पुस्तकाच्या दोन प्रती, त्यांतली एक फाटकी आणि दुसरी भिजकी. घरच्यांना काय सांगणार आहात, तेही लिहा.

वानवडीकर

घरच्यांनी विचारणे सोडून दिले आहे. बांधणीशाळा यांना शेवटचे विचारतो : ती चिकटपट्टी काढून तिथे टिश्यू लावायचा आहे, पण मेसचा शिक्का जांभळ्या शाईचा आहे आणि तो नेमका त्याच जागी आहे. खळीच्या ओलाव्याने शाई पसरणार नाही ना?

बांधणीशाळा

पसरण्याची शक्यता मोठी आहे. शिक्क्याच्या अगदी कडेला ओलसर कापसाची काडी क्षणभर टेकवून पाहा. कापूस जांभळा झाला तर तिथे पाण्याचे काहीही वापरू नका. पट्टीचा वरचा प्लॅस्टिकचा थर वाळून आपोआप सुटू लागला असेल तर तेवढाच अलगद उचला आणि खालचा डाग तसाच राहू द्या. शिक्क्याची जागा सोडून वर आणि खाली टिश्यूचे दोन वेगळे तुकडे लावले तरी घडीला पुरेसा आधार मिळेल. पट्टी घट्ट असेल तर ओढू नका, जॅकेट घेऊन माझ्याकडे या.